उसने सूर आणि आमची हमाली

नक्कल हा शब्द आपल्या घरांतून बहुधा निंदेच्या अर्थानेंच कानीं पडतो. परीक्षेंत शेजारच्याचें पाहून लिहिणारा मुलगा नक्कल करतो. मित्राच्या दिवाणखान्यासारखा दिवाणखाना मांडणारा गृहस्थ नक्कल करतो. आणि थोर गवय्याच्या हरकती जशाच्या तशा गळ्यांत उतरवूं पाहणाऱ्या शिकाऊ गायकासही 'यांत तुझें स्वतःचें काय?' असा प्रश्न कोणीतरी विचारतोच. मग ज्यांनीं नक्कल हाच आपला उघड व्यवसाय मानला आहे, तिकिटावर तसें छापून जे पैसे घेतात, आणि तरीही ज्यांना ऐकण्यास माणसें हौसेनें सभागृह भरतात, अशा मंडळींविषयीं काय म्हणावें? या महिन्यांत हाच प्रश्न आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. तो आम्हांस कोणत्याही ग्रंथांत भेटला नाहीं. लोखंडी कोपऱ्यांच्या जड पेट्या दोन्ही हातांनीं ढकलतांना तो आम्हांस पडला.

पाश्चात्त्य रॉक संगीतांत 'ट्रिब्यूट बँड' म्हणून एक प्रकार आहे. ट्रिब्यूट म्हणजे आदरांजली. एखाद्या प्रख्यात वृंदाचीं गाणीं, आणि केवळ त्याचींच, त्याच थाटांत, शक्य तर त्याच जातीच्या वाद्यांवर आणि पुष्कळदां त्याच पोषाखांत सादर करणारा हा दुसरा वृंद होय. जाहिरातींत मोठें अक्षर असतें तें मूळ वृंदाच्या नांवाचें; गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचीं नांवें कोपऱ्यांत, किंवा कोठेंच नाहींत.

हा प्रकार केवळ हौशी खेळ आहे असें समजण्याचें कारण नाहीं. लिव्हरपूलच्या बीटल्स मंडळींनीं ऑगस्ट १९६६ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें आपल्या दौऱ्यांतील शेवटची मैफल केली, आणि १९७० सालीं ते विभक्त झाले. त्यामुळें १९६७ च्या 'सार्जंट पेपर' या त्यांच्या गाजलेल्या तबकडीवरील गाणीं त्या चौघांनीं मिळून श्रोत्यांपुढें मैफलींत कधीं म्हटलींच नाहींत. पुढें १९८० सालीं इंग्लंडांत 'बूटलेग बीटल्स' हा वृंद निघाला, आणि अशाच मंडळींच्या तोंडून तीं गाणीं लोकांनीं समोर बसून ऐकलीं. मूळ धन्यानें जें केलें नाहीं तें येथें नकलाकारानें केलें! ऑस्ट्रेलियांत ॲडलेड शहरीं १९८८ मध्यें सुरू झालेल्या एका वृंदानें पिंक फ्लॉइड या मंडळींच्या गाण्यांचा ध्यास घेतला. १९९६ सालीं पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर यानें आपल्या पन्नासाव्या वाढदिवसास त्यांनाच वाजविण्यास बोलाविलें. त्याच वर्षीं जूडस प्रीस्ट या वृंदास नवा गायक हवा होता, तो त्यांनीं आपलींच गाणीं गाणाऱ्या एका ट्रिब्यूट बँडमधून उचलला. टिम ओवेन्स असें त्याचें नांव.

आमचा संबंध आला तो क्वीन या वृंदाची गाणीं करणाऱ्या मंडळींशीं. क्वीनचें नांव आपल्याकडील तरुणांस ठाऊक आहे. पण त्याचा एक धागा महाराष्ट्रांतील थंड हवेच्या एका गांवीं पोहोंचतो, हें वडील माणसांस कदाचित् ठाऊक नसेल. फ्रेडी मर्क्युरी या नांवानें जगास माहीत झालेला गायक हा मूळचा फर्रोख बलसारा, गुजराती पारशी कुटुंबांतला. त्याचा जन्म १९४६ सालीं झांझिबार बेटावर झाला, आणि लहानपणींच त्याला पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत वसतिगृहांत ठेवण्यांत आलें. तेथें तो पियानो शिकला, आणि १९५८ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, शाळासोबत्यांना घेऊन त्यानें 'हेक्टिक्स' नांवाचा वृंद काढला. ही पोरें काय वाजवीत असत? क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांचीं गाणीं! म्हणजे ज्याची आज जगभर नक्कल होते, त्यानें स्वतःचें पहिलें पाऊल पांचगणीच्या पठारावर दुसऱ्याच्या नकलेंतच टाकलें होतें. पुढें १९६४ मध्यें झांझिबारांतील क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडास गेलें, १९७० सालीं लंडनांत क्वीन वृंद उभा राहिला, आणि २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं फ्रेडी मर्क्युरी निवर्तला.

आतां आम्ही तेथें कसे पोहोंचलों तें सांगितलें पाहिजे. आमचा एक पुतण्या इंग्लंडांत एका लहानशा गांवीं नोकरीस आहे. तो दर शनिवारीं गांवच्या नाट्यगृहांत विनावेतन राबतो, हें ऐकल्यापासून पुण्यास आमच्या वहिनींस चैन पडेना. 'इतकें शिकून अखेर हमालीच का?' असें त्या म्हणत; आणि आम्ही त्या बाजूस जाणार हें कळतांच 'भावोजी, तो तेथें करतो तरी काय, तें एकदां डोळ्यांनीं पाहून या,' अशी कामगिरी त्यांनीं आमच्यावर सोंपविली. पाहण्यास गेलेल्या माणसास त्या नाट्यगृहांत नुसतें पाहत उभें राहूं देत नाहींत, हें आम्हांस तेथें गेल्यावरच कळलें.

पगारी माणसें तेथें दोनच: व्यवस्थापकबाई आणि दिवे व ध्वनि सांभाळणारा एक जाणकार. बाकी सारें, म्हणजे तिकिटें तपासणें, श्रोत्यांचे कोट ठेवणें, चहा करणें, जमीन पुसणें, गांवकरी वांटून घेतात. निवृत्त शिक्षिका, टपाल खात्यांतला कारकून, दोन कॉलेजांतील मुलें आणि आमचा पुतण्या. व्यवस्थापकबाईंनीं आम्हांस मोकळेपणानें सांगितलें कीं, गंभीर नाटकास अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहतात. ट्रिब्यूट बँडच्या रात्रीं मात्र तिकीट उरत नाहीं, आणि हिवाळ्यांत इमारत गरम ठेवण्याचा खर्च या रात्रींतूनच निघतो.

दुपारीं दोन वाजतां गाडी आली. चाकें लाविलेल्या पेट्या उतरविण्यापासून आमच्या कामास आरंभ झाला. आम्ही एका पेटीची मूठ धरून ती ओढूं लागतांच पुतण्या म्हणाला, 'काका, ओढूं नका, ढकला. उतारावर सुटली तर तुमच्या अंगावर येईल.' एवढें साधें शास्त्र आम्हांस या वयांत प्रथमच कळलें. मग ड्रमसाठीं लांकडी चौथरा मांडला, ॲम्प्लिफायर रचले, आणि तारांचें जाळें पसरलें. या तारा जेथें वाट ओलांडतात तेथें जमिनीवर रुंद चिकटपट्टीनें दाबून टाकावयाच्या, नाहींतर अंधारांत कोणाचा तरी पाय अडकावयाचा. तार गुंडाळण्याचीही रीत आहे: एक वेढा वरून, दुसरा खालून, असे आळीपाळीनें वेढे घेतले म्हणजे तारेस पीळ बसत नाहीं आणि पुढच्या गांवीं ती एका झटक्यांत सरळ उलगडते. कोंपरावर भराभर गुंडाळलेली तार आंतून मोडते, आणि तें मोडणें नेमकें गाण्याच्या मध्यें कळतें.

गिटारवादकाचें वाद्य पाहून आम्हांस मौज वाटली. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे यानें १९६३ पासून आपल्या वडिलांच्या मदतीनें घरींच एक गिटार घडविली. तिच्या मानेचें लांकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचें. तारा छेडण्यास तो नखीऐवजीं सहा पेन्सांचें जुनें नाणें वापरतो. हाच गृहस्थ पुढें २००७ मध्यें खगोलशास्त्रांत डॉक्टर झाला! आमच्या पुढील वादकाजवळ त्या गिटारीची हुबेहूब प्रतिकृति होती, आणि खिशांत तशींच चार नाणीं. १९८० पासून व्यवहारांतून गेलेलें तें नाणें त्यानें शोधून मिळविलें होतें. कारण, त्याच्या मतें, त्या नाण्याच्या दांतेरी कडेचा खरखरीत स्वर दुसऱ्या कशानेंही निघत नाहीं.

त्यानंतर ध्वनीची तपासणी सुरू झाली, ती दोन तास चालली. प्रत्येक ड्रम वेगळा वाजवावयाचा, प्रत्येक मायक्रोफोन वेगळा पारखावयाचा. सर्वांत अधिक वेळ गेला तो 'बोहिमियन रॅप्सोडी' या गाण्यावर. १९७५ सालच्या या गाण्याच्या मध्यभागीं ऑपेराच्या धर्तीचा एक तुकडा आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळीं तिघां गायकांनीं आपलेच आवाज पुनः पुन्हां एकावर एक चढवून त्यांत शेंकडों कंठांचा भास उत्पन्न केला. परिणाम असा झाला कीं, तो तुकडा प्रत्यक्ष रंगमंचावर गाणें खुद्द क्वीनला शक्य झालें नाहीं. त्या जागीं ते मंचावरून निघून जात, ध्वनिफीत वाजे, आणि पुढील भागास ते परत येत. आमच्या या मंडळींनीं मात्र तो तुकडा चौघांच्या कंठांनींच म्हणण्याचा घाट घातला होता. तपासणींत तो दोनदां कोसळला. ध्वनीचा जाणकार म्हणाला, फीत लावा, कोणास कळणार नाहीं. गायक म्हणाला, आपणांस कळेल. आम्ही तेव्हां हातांत चिकटपट्टी घेऊन कोपऱ्यांत उभे होतों. पण त्या उत्तरानें नकलेविषयींची आमची पूर्वींची समजूत बरीच ढिली झाली.

हा गायक दिवसां नळजोडणीचें काम करतो. चहाच्या वेळीं त्याला गरम पाणी व मध नेऊन देण्याचें काम आमच्याकडे होतें. स्वतःचीं गाणीं रचावींशीं वाटत नाहींत का, असें आम्हीं त्याला विचारिलें. पूर्वीं रचीत होतों, तीं ऐकण्यास वीस माणसें येत, असें त्यानें हंसत सांगितलें. पुढें जें बोलला तें आम्ही विसरणार नाहीं: 'मी दिसेनासा झालों कीं लोकांना तो दिसतो, मी दिसूं लागलों कीं काम बिघडलें.' त्याच्या आवाजांत खंत नव्हती असें म्हणवत नाहीं. परंतु आपण कोणाच्या कामास लागलों आहों याचें भान त्याला पक्कें होतें, आणि असें भान असलेलीं माणसें आम्हीं फारशीं पाहिलेलीं नाहींत.

आणखी एक कागद आम्हीं तेथें पाहिला. त्या रात्रीं म्हटल्या जाणाऱ्या प्रत्येक गाण्याचें नांव व रचनाकाराचें नांव त्यावर लिहावयाचें होतें. इंग्लंडांत १९१४ पासून रचनाकारांचे हक्क सांभाळणारी एक संस्था आहे. तिला नाट्यगृह परवान्याचें शुल्क देतें, आणि अशा याद्यांवरून तें रचनाकारांस किंवा त्यांच्या वारसांस वांटलें जातें. क्वीनचे चौघेही रचनाकार असल्यामुळें यादी भरतांना कोणतें गाणें मर्क्युरीचें, कोणतें मेचें, कोणतें टेलरचें, कोणतें डीकनचें, हें नीट पाहावें लागलें. उसने सूर घेतले त्यांची पावती म्हणजे हा कागद. चोरी आणि उसनवारी यांत फरक असतो तो एवढाच. परंतु हा फरक लहान नव्हे.

संध्याकाळीं आमची नेमणूक डाव्या बाजूच्या आणीबाणीच्या दारापाशीं झाली. हातांत विजेरी, कानांत बोळे. तेथील नियमाप्रमाणें कामावरील माणसाच्या कानांवर दिवसाची सरासरी ८५ डेसिबलपर्यंत पोहोंचत असेल तर संरक्षण पुरवून तें वापरलें जातें कीं नाहीं हें पाहणें मालकास भाग असतें. करमणुकीच्या धंद्यास हा नियम २००८ पासून लागू आहे. मंचावर यंत्रानें धूर सोडला जाणार असल्यामुळें सभागृहांतील धुराची सूचना देणारीं यंत्रें तेवढा वेळ बंद ठेविलेलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं आमच्यासारख्या माणसांचे डोळे आणि नाक नेमलें होतें. म्हणजे सारें सभागृह मंचाकडे पाहत असतां आम्हीं मंचाकडे पाठ करून श्रोत्यांकडे पाहावयाचें!

ही शिक्षा नव्हती. उलट तें भाग्य ठरलें. साठी उलटलेलीं जोडपीं, त्यांचीं मुलें, आणि खांद्यावर बसलेलीं नातवंडें एकाच ओळींत उभीं होतीं. त्या नातवंडांचा जन्म होण्यापूर्वीं कितीतरी वर्षें गायक जग सोडून गेला होता. 'वी विल रॉक यू' सुरू झालें तेव्हां दोनदां पाय व एकदां टाळी या ठेक्यानें सारी इमारत हलूं लागली. या गाण्याची जन्मकथाही येथें सांगण्याजोगी आहे. १९७७ सालीं स्टॅफर्ड येथील मैफल संपल्यावर श्रोते आपण होऊन एकत्र गाऊं लागले. तें पाहून ब्रायन मे याच्या मनांत आलें कीं, श्रोत्यांनाच वादक करणारें गाणें रचावें. त्या गाण्यास वाद्य जवळजवळ लागतच नाहीं. पाय आणि हात पुरतात. आम्हांस टाळी वाजविण्याची मोकळीक नव्हती. पण बुटांच्या तळव्यांतून तो ठेका वर चढत होता, तो थोपविण्याची सोय कोणत्याही बोळ्यांत नसते.

आणि तो ऑपेराचा तुकडा? तो चौघांनीं म्हटला. तिसऱ्या ओळीस एक सूर किंचित् उतरला, पुढें सांवरला. श्रोत्यांतील कित्येकांस तें कळलें, आणि टाळ्या त्या जागीं सर्वांत मोठ्या पडल्या. फितींत सूर उतरत नाहीं. पण फितीस अशी टाळीही मिळत नाहीं.

साडेदहास मैफल संपली. आमचें काम साडेबारापर्यंत चाललें. सांडलेलीं पेयें पुसलीं, तारा वरून-खालून वेढे घेत गुंडाळल्या, पेट्या ओढल्या नाहींत, ढकलल्या. कोणी आमचें नांव विचारलें नाहीं. व्यवस्थापकबाईंनीं मात्र जातांना प्रत्येकास हांक मारून निरोप दिला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. नक्कल सरसकट हीन असती, तर आपल्याच परंपरेची काय वाट लागली असती? वेदपाठी ब्राह्मणाची थोरवी तो नवें काय म्हणतो यांत नाहीं. पिढ्यान् पिढ्या एकही स्वर त्यानें हलूं दिला नाहीं, यांत आहे. रॉकचें गाणें आणि वेद यांची बरोबरी करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. जशाचें तसें राखण्यास किती श्रम पडतात, एवढेंच सांगावयाचें आहे. बालगंधर्व १९६७ सालीं गेले. त्यांचीं पदें त्यांच्याच वळणानें आळविणाऱ्यांस आपण नकलाकार म्हणत नाहीं, उपासक म्हणतों. मग परक्या देशांत कोणी आपल्या दैवताची पिंवळी बंडी अंगांत घालून तेंच करील, तर त्याला हंसण्याचा अधिकार आपणांस कोठून आला?

अर्थात् दुसरी बाजू आहे, आणि ती दडविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. जुनीं गाणीं सभागृहें भरूं लागलीं कीं नव्या रचनाकारास वीसच श्रोते मिळतात. तो नळजोडणी करणारा गायक त्याची जिवंत साक्ष आहे. पांचगणीच्या त्या मुलानें आयुष्यभर लिटल रिचर्डचींच गाणीं म्हटलीं असतीं, तर जग एका मोठ्या रचनाकारास मुकलें असतें. म्हणून अनुकरणास शाळा म्हणावें, देवघर म्हणावें; त्याला सारें घर मात्र होऊं देऊं नये. त्या गांवीं ट्रिब्यूट बँडच्या कमाईंतून महिन्यांतली एक संध्याकाळ स्थानिक तरुणांच्या नव्या गाण्यांसाठीं राखून ठेवितात, हें ऐकून आम्हांस बरें वाटलें. जुन्यानें नव्याचें भाडें भरावें, यापरतें योग्य तें काय?

तात्पर्य, ज्या नकलेंत मूळ धन्याचें नांव उघड सांगितलें जातें, त्याचें देणें चुकतें केलें जातें, आणि फीत लावून भागत असतांही गळा शिणविला जातो, ती नक्कल आदरास पात्र आहे. आणि अशा कामास लागलेली हमाली ही त्या गाण्याचाच भाग आहे.

हें शेवटचें वाक्य आम्ही विशेषेंकरून आपल्या सुशिक्षित घरांसाठीं लिहीत आहों. गाण्याची आवड आपल्याकडे दांडगी. कोणत्या गवय्यानें कोणता राग कोठें गाइला याच्या याद्या आपणांस तोंडपाठ. पण त्या मैफलीची सतरंजी कोणीं घातली, तंबोरे जिन्यावरून कोणीं चढविले आणि रात्रीं दिवे कोणीं मालविले, हें विचारण्याची चाल आपल्या घरांत नाहीं. तीं कामें 'कोणीतरी' करीत असतो, आणि आपण पुढील रांगेंत बसतों. तो 'कोणीतरी' थकला कीं मंडळें बंद पडतात, सभागृहांस कुलुपें लागतात, आणि मग आपण अभिरुचीचा ऱ्हास झाला म्हणून हळहळतों.

घरांतला मुलगा शनिवारीं पेट्या ढकलण्यास जात असेल, तर मातापित्यांनीं त्याला अडवूं नये. जमल्यास एखादे दिवशीं त्याच्याबरोबर जावें. आणि ज्यांच्या घरीं असा मुलगा नाहीं त्यांनीं आपल्या गांवच्या पुढच्या मैफलीस एक तास आधीं जावें, एक तास उशिरां निघावें, आणि मधल्या वेळांत कोणास हात हवा आहे का, एवढें विचारावें. तिकिटाचे पैसे देऊन गाणें ऐकतां येतें. पण तें पुढच्या पिढीस ऐकावयास मिळावें यासाठीं कोणीतरी तार नीट गुंडाळून ठेवावी लागते.